सर्जरीतली एक जागा

डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत मी चौथी आले आणि घरात सगळ्यांना वाटलं, आता प्रश्नच मिटला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर फारच. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बदलीसाठी, बढतीसाठी रदबदली करायला माणसं आमच्या दारात येत आणि ती गेली की अण्णा तोंड वाकडं करत. आम्ही चिकपेटेतली जुनी मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरात राहून घरातलं निम्मं बोलणं कानडी झालं होतं, ताठा मात्र आम्ही जसाच्या तसा जपला होता.

परीक्षेनंतर एक वर्ष इस्पितळात हाउस सर्जन म्हणून काढावं लागे. कुणाला कुठला विभाग, कुठले मोठे डॉक्टर, हे एका सकाळी ठरायचं. कॉलेजच्या हॉलमध्ये मार्कांच्या क्रमानं नावं पुकारत. ज्याचं नाव येई त्यानं उभं राहून विभाग सांगायचा आणि कारकुनानं तो रजिस्टरात लिहायचा. नोटीस बोर्डावर एवढंच लिहिलं होतं आणि मी एवढंच वाचलं होतं.

मला सर्जरी हवी होती. पहिल्यांदा ऑपरेशन पाहिलं त्या दिवसापासून हवी होती, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीनं सर्जरी म्हटलं की मुलगे हसत. म्हणून कुणी विचारलं की मी म्हणायची, "लहान मुलांची डॉक्टर होणार." सर्जरीच्या सगळ्या विभागांत मुलीला घेणारे सर्जन एकच होते आणि तेही वर्षाला एकच मुलगी घेत. एक जागा.

पाच वर्षं माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी होती. होसकोट्याची, उंच, कानडी घरातली. हॉस्टेलवर राहायची. मी घरून डबा न्यायची आणि त्यातला अर्धा तिचा, हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं होतं. पोळीचे दोन भाग ती करायची आणि मोठा भाग न बघता माझ्याकडे सरकवायची. माझी म्हणावी अशी मैत्रीण ती एकच. वर्गात मुली कमी, त्या बहुतेक हॉस्टेलवर. पाच वाजले की त्यांचा दिवस सुरू व्हायचा आणि मी बसच्या रांगेत उभी असायची. जे काही कळायचं ते मेसमध्ये कळायचं, आणि मेसमध्ये मी कधीच नसायची.

नावं पुकारायच्या आदल्या दिवशी मी अण्णांना भीतभीत म्हटलं, "त्या सर्जनना एकदा भेटून येऊ का?"

"कशाला?" अण्णा म्हणाले. "मार्क आहेत नव्हे तुझे? मग कुणाच्या दारात कशाला उभं राहायचं? स्वल्प मान ताठ ठेवायला शीक."

मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि मान ताठ ठेवली.

हॉलमध्ये माझ्या आधीच्या तिघांनी मेडिसिन घेतलं. ती जागा तशीच राहिली. देवानं माझ्यासाठीच राखून ठेवलीय असं मला वाटलं, इतकी मी बावळट. माझं नाव आलं तेव्हा शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं माझा हात दाबला. मला वाटलं, धीर देतेय. मी उभी राहिले आणि त्या सर्जनांचा विभाग सांगितला. हॉल एकदम गप्प झाला. मुलगी सर्जरी घेतेय म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खाली बसले तेव्हा तिनं हात काढून घेतला होता. तिचा नंबर बराच मागे होता. तिनं शहराबाहेरचं क्षयाचं इस्पितळ सांगितलं, जे कुणालाच नको होतं. त्या दिवशी ती डबा खायला आली नाही.

खरा प्रकार मला कळला तो कामावर रुजू व्हायच्या दिवशी. सर्जनांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं.

"मी जिला सरी म्हटलं होतं ती मुलगी उंच होती," ते म्हणाले.

मला काही समजेना. बरोबरच्या दुसऱ्या हाउस सर्जननं नंतर थोडक्यात सांगितलं. रीत अशी होती, की नावं पुकारायच्या आधी ज्याला जो विभाग हवा त्यानं त्या डॉक्टरांना जाऊन विचारायचं. ते सरी म्हणाले की गोष्ट संपली. मग वरच्या नंबरचं कुणी ती जागा मागत नसे. माझ्या मैत्रिणीनं महिनाभर आधी विचारलं होतं. मी लहान मुलांचं घेणार, हे मीच तिला शंभरदा सांगितलं होतं. तिनं माझा हात दाबला होता तो आनंदानं. माझं झालं की तिचं होणार होतं.

"तुला ठाऊक नव्हतं?" त्यानं विचारलं. त्याचा विश्वास बसला नाही. कुणाचाच बसला नाही. आणि रजिस्टरातली शाई वाळली होती.

सर्जन माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. कामापुरतं बोलत, शिकवत. बाकीचेही कामापुरतंच बोलत. दुपारी ड्यूटीरूममध्ये मी शिरले की चालू असलेल्या गप्पा थांबायच्या, म्हणून मी कपडे वाळत घालायच्या गच्चीच्या जिन्यात बसून जेवायला लागले. डब्यात आई सवयीनं दोघींपुरतं द्यायची. मी तिला काही सांगितलं नाही. उरलेली पोळी घरी नेली असती तर तिनं विचारलं असतं, म्हणून मी सगळं खायची. त्या वर्षी माझं वजन वाढलं आणि आईला वाटलं, पोरीला सर्जरी मानवली.

मैत्रिणीला पत्र लिहावं असं रोज वाटायचं. पण काय लिहिणार? चुकलं म्हणावं तर जागा माझ्या मार्कांचीच होती. नाही चुकलं म्हणावं तर मी जिन्यात लपून का जेवत होते? अण्णांचा मला त्या काळात मनापासून राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सहा महिन्यांनी सर्जनांनी माझ्या हातात चाकू दिला आणि मी पहिलं अपेंडिक्स काढलं. टाके घालून झाल्यावर ते म्हणाले, "बरं केलंस." पहिलं अपेंडिक्स काढणाऱ्यानं मेसमध्ये मैसूरपाक वाटायचा, ही रीत मात्र मला ठाऊक होती. मी डबा भरून मैसूरपाक घेतला आणि मग लक्षात आलं, वाटायचा कुणाला?

सहा महिने झाले की दोघांच्या सह्यांनी जागांची अदलाबदल करता यायची. मी अर्ज लिहिला, खाली सही केली आणि रविवारी मैसूरपाक घेऊन बसनं क्षयाच्या इस्पितळात गेले. निलगिरीची झाडं आणि लांबलचक व्हरांडे. ती एका म्हातारीच्या खाटेशी बसून तिला कफ कुठे थुंकायचा ते समजावत होती. बारीक झाली होती. मला पाहून उठली, हात धुऊन आली, आणि आम्ही पायरीवर बसलो.

मी अर्ज पुढे केला. तिनं तो सबंध वाचला आणि घडी घालून परत दिला.

"नको," ती म्हणाली. आम्ही नेहमी कानडीतच बोलायचो. "इथली माणसं महिनोन्‌महिने पडून असतात. आत्ता कुठे मला ओळखायला लागलीत. त्यांना सोडून येऊ कशी?"

"मला खरंच ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. सहा महिने घोकलेलं सगळं त्या एका वाक्यात संपलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा. कुणी ऐकलं नाही."

मग तिनं डबा उघडला, मैसूरपाकाच्या एका वडीचे दोन भाग केले आणि न बघता मोठा माझ्याकडे सरकवला. मला रडू आलं. ती समोर बघत खात राहिली.

"सर्जरी हवी होती तर मला सांगायचं," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर मी दिली असती, अक्का."

मला अक्का ती त्याआधी कधी म्हणाली नव्हती आणि नंतर म्हणायची वेळ आली नाही. वर्ष संपल्यावर ती दूर कुठल्या सॅनेटोरियममध्ये गेली. मी सर्जन झाले, हजारो पोटं उघडली. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर एकच सही आहे.