वाकड्या काठाची काथवट

भोरचा तो कातारी आंब्याच्या बुंध्यातून पीठ मळायच्या मोठ्या काथवटी कातायचा. पण त्यांचा काठ कधी सरळ करायचा नाही. काठावर झाडाची साल तशीच वरखाली राहू द्यायचा आणि शेवटी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा.

मी शाळेत भूमिती शिकवणारा. आमच्या काथवटीचा काठ सरळ हवा, म्हणून मी त्याला वर्तुळावर व्याख्यान दिलं. त्यानं ते पुरं ऐकलं आणि लाकूड फिरवायच्या चरकाची दोरी माझ्या हाती दिली.

"वढा गुरुजी, एकसारखं."

मी असा हिसका दिला, की त्याचं हत्यार घसरून काथवटीच्या पोटात खड्डा पडला. त्यानं डोळे मिटून त्यावरूनही अंगठा फिरवला.

"काठ झाडाचा, खड्डा तुमचा. म्या निस्ता हितं बसलोय."

अजून पीठ त्या खड्ड्यात अडकलं, की स्वयंपाकघरातून बायकोची हाक येते, "अहो गुरुजी!"