सात फुटांवरचा दांडा

किनाऱ्यावरच्या वेल्डरला सगळे ठिणगीमास्तर म्हणत. हाताचा पक्का, तोंडाचा तिखट. त्याचा धाकटा भाऊ वाळूत खुर्च्या भाड्याने द्यायचा. मग कॅम्परव्हॅन आल्या. आधी दोन, मग रांगच. गाड्यांच्या आरशांना दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे, घरून आणलेल्या खुर्च्या, आणि मागे वाळूत ओतलेली संडासाची टाकी. गावाला समुद्र दिसेनासा झाला. धाकट्याच्या खुर्च्यांवर कावळे बसू लागले.

नगरपालिकेने मास्तरकडून वाटेवर कमान करून घेतली. सात फुटांवर लोखंडी दांडा, म्हणजे मोटारी जाव्यात आणि व्हॅन अडाव्यात. दांड्याला बिजागरी होती, कुलूप होतं. व्हॅनवाल्यांनी कुलूप तीनदा फोडलं. चौथ्या दिवशी भर दुपारी मास्तरने रागाच्या भरात बिजागरीच वेल्ड करून टाकली. आत कोणी राहिलंय का, हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

खडकांमागे एक व्हॅन होती.

मास्तर नळाकाठी हात धूत असतानाच ती दांड्यापाशी आली. ड्रायव्हर उतरून "दांडा उघडा" म्हणाला. धाकटा खांबाला टेकला होता.

"आता इथलेच झालात, पाहुणे. घरपट्टी भरा."

बघे हसले. ड्रायव्हरने त्याची गचांडी धरली. धाकट्याने डोक्याची धडक देऊन त्याचं नाक फोडलं. दोघे वाळूत लोळले, चावले, ओरबाडले. मग ड्रायव्हरच्या हाती चाकाचा पाना लागला. तो धाकट्याच्या कानशिलावर बसला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

मास्तर हातोडा उगारून धावला. भावाच्या कानातून रक्त वाहत होतं. रुग्णवाहिका तासभर लांब, आणि जवळ दुसरी गाडी नाही. ड्रायव्हरचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मला नंतर मारा. आधी त्याला माझ्या गाडीत घाला."

हातोडा खाली आला. मास्तरने दांडा कापायला गॅस कटर पेटवला. जन्मभर पक्क्या कामाचा तोरा मिरवणारा माणूस, त्या दिवशी स्वतःच्या पक्केपणाला शिव्या घालत होता. सुटलेला तापता दांडा व्हॅनच्या काचेवर पडू नये म्हणून ड्रायव्हरने तो उघड्या हातांनी झेलला. कातडी करपल्याचा वास आला. तशाच हातांनी त्याने स्टिअरिंग धरलं.

धाकटा वाचला, डावा कान गेला. कोर्टात मास्तरने पाना सांगितला आणि करपलेले हातही सांगितले.

आता दांडा पुन्हा बिजागरीवर आहे. कुलूप लावण्याआधी मास्तर खडकांपर्यंत चालत जातो आणि हाक मारतो, "आत कोणी आहे का?"

आपल्या खुर्च्यांमधून धाकटा उजवा कान पुढे करून ओरडतो, "मी आहे, दादा. घरपट्टी भरलीये."