डावीकडचं दार

संक्रांत उलटली की आमच्या वर्ध्यात एका रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. शाळेचं मैदान, दोन-तीन रांगा गाड्या आणि गाड्यांहून जुने त्यांचे मालक. निवृत्त मास्तर, कारकून, एक दातांचे डॉक्टर. सेलूकडचे एक शेतकरी तर एरवी ज्या जीपमधून वांगी बाजारात नेतात, तिलाच त्या दिवशी हळदीकुंकू लावून आणतात. कुणी बॉनेट उघडलं की बारशाच्या पाळण्यात डोकवावं तसे सगळे वाकतात. ‘विकता का?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. ते अगदीच वाईट दिसतं. आणि एक नियम सगळे पाळतात, गाडी स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे. टोचन करून आणलेल्या गाडीला रांगेत जागा नाही. ती कुंपणाशी उभी राहते आणि तिचा मालक दिवसभर कारणं सांगत हिंडतो.

बाबांची पांढरी ॲम्बॅसेडर कधी कुंपणाशी उभी राहिली नाही. पण गेल्या पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. बोलणं परत आलं, काठी धरून चालणंही आलं, पण उजवा पाय ब्रेकवर भरवशाचा राहिला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली.

मेळावा जवळ आला तसं मी म्हटलं, “मी चालवते, तुम्ही बाजूला बसा.”

“गाडी तू घेऊन जाजो,” बाबा म्हणाले. “मी नाई येत. सारे म्हणतील, पोरीनं बुढ्याले फिरवाले आणलं.”

मला रागच आला. बाबांचं आयुष्य कलेक्टर ऑफिसात कारकुनीत गेलं, पण ऐट मात्र कलेक्टरची! ते येणार नसतील तर ती गाडी मैदानावर नेऊन मी काय करणार होते? मला गाडी मिरवायची नव्हती. बाबांनी पुन्हा चार माणसांत उभं राहावं, एवढंच हवं होतं.

ते विरघळतील म्हणून मी गाडी तयार करायला घेतली. यंदा परीक्षक बोलावले होते आणि ते दारं आतून-बाहेरून उघडून बघणार होते. आमच्या गाडीत तेवढीच एक खोट. पुढच्या डाव्या दाराचं आतलं हँडल मला आठवतं तेव्हापासून मोडकं. गाडी थांबली की बाबा उतरणार, पुढून वळसा घालून येणार, बाहेरून दार उघडणार, मग आई उतरणार. लग्नाच्या मांडवासमोर, भाजीबाजारात, दवाखान्यात, सगळीकडे हेच. मला वाटायचं, केवढा हा चिक्कूपणा! मेकॅनिकला बोलावलं तर तो हसला.

“ताई, हँडल तं माह्याकडं कवाचं पडून हाये. बाबाच म्हणते, राहू दे.”

आणि बाबांनी याही वेळी तेच सांगितलं. “त्या दाराले हात नाई लावाचा.”

“मग बक्षीस विसरा,” मी तणतणले.

शेवटी आईनंच तोंड उघडलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माहा जनम गेला त्या डाव्या सीटवर बसून. काई झालं काय मले? तुमाले एक दिवस बसाले काऊन जड जाते जी?”

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून डाव्या सीटवर बसले. आई जन्मात पहिल्यांदा मागे बसली. सिंदी मेघेतल्या आमच्या घरापासून मैदानापर्यंत बाबांचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता. प्रत्येक गतिरोधकाला ते “हळू, हळू” म्हणत होते आणि मी दात-ओठ खात हळूच चालवत होते.

गाडी रांगेत लावली. हार घेऊन लोक पुढे आले. मी उतरले आणि बघते तर बाबा आत तसेच बसलेले. दार आतून उघडत नाही हे त्यांना माहीत होतंच. मी काचेशी वाकून म्हटलं, “काच खाली करा नं, बाहेर हात काढून उघडा.”

बाबा हलले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काच तर नेहमीच खाली व्हायची. आईलाही इतकी वर्षं बाहेर हात काढून उतरता आलं असतं. तिनं एकदाही काढला नव्हता. चारचौघांत जिचा हात धरायची सोय नव्हती, जिला नावानं हाक मारायची रीत नव्हती, तिच्यासाठी हा माणूस गाडीला वळसा घालून येत होता. आणि ती वाट बघत बसत होती.

मी दाराकडे हात नेला, तोच मागचं दार उघडून आई उतरली. दुखऱ्या गुडघ्यांनी पुढे आली, मला बाजूला सारलं आणि दार उघडून धरलं.

“उतरा.”

बाबा उतरले. काठी गाडीतच राहिली, त्यांनी आईचा हात धरला होता. सगळ्या मैदानासमोर.

परीक्षक वाकून दार बघत होते. “हे आतून उघडत नाही वाटतं? इतकी छान गाडी ठेवलीय, मग हे बिघडलेलं का ठेवलं?”

बाबांनी आईकडे बघितलं. हात तिनं सोडला नव्हता.

“बिघडलं कुठं हाये?” आई म्हणाली.