दार न दिसणारा किल्ला

दुसरं महायुद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण. वर्गातल्या एका मुलीचे वडील फौजेतून परतले, ते अमेरिकेतल्या एका किल्ल्याचं चित्र घेऊन. तिकडच्या कुणा सोजिरानं, म्हणजे गोऱ्या शिपायानं दिलेलं. उंच मनोरे, समोर ऐसपैस पायऱ्या, मधोमध दार. कुणा धनवानानं हौसेनं बांधला होता म्हणे.

चित्र घेऊन ती मुलगीच मला म्हणाली, "बाई, दार आसं म्होरंच? कुनीबी आत शिरंल की!"

मला हुरूप आला. म्हटलं, चला, आपला गावामागचा किल्ला कसा बांधलाय ते बघू. पण मुलींना गडावर न्यायचं म्हणजे घरोघरी समजूत घालता घालता तोंडाला फेस आला. मुख्याध्यापिकांनी बजावलं, "दिवेलागणीच्या आत सगळ्या परत. एक जरी मागं राहिली, तर पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही."

मी सांगलीची. आमचा किल्ला सपाटीवर, चढायची सवय कुठली! धापा टाकतच दरवाजा दाखवला. वाट दोन बुरुजांच्या मध्ये शिरते, वळते आणि मग एकदम दार समोर येतं. खालून येणाऱ्या शत्रूला ते दिसतच नाही. मी अगदी रंगून सांगितलं.

उतरताना अर्ध्या वाटेवर पाहते तो ती चित्रवालीच मुलगी नाही! वर बघितलं तर नुसता बुरूज. हाका मारून घसा बसला. आता मुलगी सापडेल का, आणि सापडली तरी या सगळ्याजणी पुन्हा शाळेच्या भिंतींतच!

"आवं बाई, दारातच आसंल," एक मुलगी म्हणाली. "तितलं मानूस हितनं कुटं दिसतंय?"

मी धावत वर गेले. वळणाच्या आत बाईसाहेब मांडी घालून बसलेल्या, ओल्या मातीचे दोन बुरूज आणि मधला दरवाजा करत! रागानं हात उगारला खरा, पण तो तिच्या वेणीवरूनच फिरला. इतकं हायसं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

"दिवाळीच्या किल्ल्याला भाऊ दार म्होरंच ठेवत्यात," ती म्हणाली. "त्यास्नी दावाय करतीया."

शाळेत पोचलो तेव्हा उजेड होता, पण मुख्याध्यापिकांशेजारी तिचे वडील उभे. मुलीचा परकर चिखलानं माखलेला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"आबा, दार हुडका बगू," म्हणत तिनं मातीचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो फिरवला, डोळ्याशी धरला, पुन्हा फिरवला. "गावंना की गं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पुढला किल्ला कवा? मीबी येतो."

मुख्याध्यापिकांनी मुली मोजल्या, मान डोलावली आणि त्या आत दिवा लावायला गेल्या. मी तिथंच पायरीवर बसले. माझे पाय किती दुखताहेत, ते मला तेव्हा कळलं.