डब्यांचा कारभारी

धर्मराज घरतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पालथा पडला होता आणि त्याच्या दातांत मसाल्याचा डबा होता. खाली अख्खं नवीन पनवेल जमलं होतं. भाजीवाले गाड्या सोडून आले होते, रिक्षावाल्यांनी भाडी नाकारली होती (ती ते एरवीही नाकारतात), आणि सोसायटीचे सेक्रेटरी विनायकराव मिटलेली छत्री बंदुकीसारखी रोखून ओरडत होते, "डबा खाली ठेव! हळू! नाही, खाली नको, वरच ठेव!" डब्यातून वायर लोंबत होती. बॉम्ब म्हटल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी आधी शेगडीवरचं दूध उतरवलं, मग किंकाळी फोडली.

धर्मराजने डबा काखेत घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "काका, टाकी भरली की हा सांगेल."

"कुणाला?"

"मला. मी तुम्हाला सांगेन."

"अरे, टाकी भरली की पाणी जिन्यावरून येतं! सगळ्या जगाला कळतं!"

हे २०१३ सालचं. दुसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा हा गृहस्थ इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो, आईवडील गेलेत, लग्न झालेलं नाही आणि तो पीएच.डी. करतोय, एवढी माहिती त्याच संध्याकाळी इमारतीला मिळाली. पाणी मोजून बिनतारी निरोप धाडणाऱ्या डब्याची आमच्या टाकीवर तो फक्त चाचणी घेत होता. खरे डबे लागले ते त्याच्या गावात, खाडीकाठी. भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून तिथे मातीचा बांध आहे आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. उघाडीवर एक डबा पाणी मोजायचा, बाकीचे घरोघरच्या कौलांवर बसून त्याचा निरोप पुढे द्यायचे. शेवटचा देवळात होता. त्यात सिमकार्ड होतं, ते निरोप पनवेलला पाठवायचं.

"पण कुणी कुणाला निरोप द्यायचा, हे डब्यांनी ठरवायचं नाही," धर्मराज मला समजावायचा. "ते ठरवण्यातच बॅटरी जाते. डोकं सगळं एका ठिकाणी, माझ्या कॉम्प्युटरात. इथून मी सांगणार. तू रामूच्या कौलाकडे दे, रामू देवळाकडे देईल, बाकीच्यांनी झोपा. एखादा बंद पडला की इथूनच नवी वाट काढायची."

"म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ," मी म्हणालो.

त्याच्या गाइडला हे सगळं कागदावर आणि कॉम्प्युटरात चाललं असतं. याने गावाला कामाला लावलं. त्याची आत्या ठमाबाई हिने तर पहिल्याच मंगळवारी डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि वरून तांब्याभर पाणी घातलं. इकडे धर्मराजच्या पडद्यावर दमटपणा शंभर टक्के. हा तास बुडवून स्कूटरवरून गावात, तर ठमाबाई ओटीवर भाकऱ्या थापतेय. "येवडा धावत आलास? बस, जेव."

मला वाटतं, गोम तिथेच होती. कॉलेजात त्याला कुणी चहालाही बोलवत नसे. पण डबे लागल्यापासून त्याचा फोन वाजू लागला. "धर्मा, आमचा डबा काय बोलतो?" "धर्मा, दिवा लुकलुकत नाय रं!" तो जेवणाचं ताट बाजूला सारून उत्तरं द्यायचा. जिन्यात भेटला की मला उगाचच ऐकवायचा, "आज सात फोन." गावाचा कारभार आपण चालवतो, या ऐटीत तो राहायचा. निरोपांत बहुतेक वेळा काहीच नसे. पाणी तेवढंच.

मग गाव उठायला लागलं. नव्या विमानतळाच्या नकाशात ते होतंच, दुसरीकडे भूखंड मिळत होते. एकेक घर आपली दारं, कौलं, देव टेंपोत घालून निघालं. डबे खरं तर धर्मराजला परत मिळायचे, पण लोकांनी ते प्रेमाने सोबत नेले. आपला डबा तो आपला. एका कुटुंबाने नव्या घराच्या वास्तुशांतीला त्याला हार घातला. पडद्यावर मात्र एकेक ठिपका विझत होता. धर्मराज वाटा बदलत राहिला. रामू गेला, तर कुंदनच्या गोठ्यावरून. गोठा गेला, तर चिंचेवरून. फोन कमी झाले. पुढे तो जिन्यात भेटला तरी आकडा सांगेनासा झाला.

शेवटच्या हंगामात उघाडी, ठमाबाईचं घर आणि देऊळ एवढंच उरलं. चिंचही तुटली होती. उघाडीचा निरोप ठमाबाईच्या कौलापर्यंत पोचेना आणि पनवेलहून हुकूम सोडायला मध्ये कुणी नव्हतं. एका रविवारी भरतीच्या वेळी मी त्याच्याबरोबर गेलो. भर उन्हात, पडीक शेताच्या मधोमध, हा पीएच.डी.चा उमेदवार दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरून उभा राहिला. मधला एक डबा कमी होता, तो हा झाला. बुजगावण्यासारखं ते ध्यान पाहून मला हसू आवरेना. मोबाइलवर पाहून ओरडलो, "आलं, आलं!"

ठमाबाई दारातून हाका मारत होती. "धर्मा! तितं काय उबा रायलास? चा निवली!"

"आत्या, उघाडीचं पाणी बघतोय!"

"आरं, पानी मला हितून दिसतं!"

"मला पनवेलहून दिसत नाही ना!"

मग मी हसायचा थांबलो.

भात कापल्यावर ठमाबाईचा मुलगा कल्पेश तिला रोडपालीला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. देवांच्या टोपलीत डबाही गेला. महिन्याभराने तिचा फोन आला, तेव्हा मी धर्मराजकडेच बसलो होतो.

"धर्मा, देवाऱ्यात ठेवलाय, पन बोलत नाय."

"त्याला शेजारी कुणी नाही, आत्या."

"हितं मलाबी नाय," ती म्हणाली. "तू ये की."

"येतो," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला. तिथे एकच ठिपका होता, देवळाचा.

२०१८च्या पावसाळ्याआधी देऊळही हललं. तिथल्या डब्यातल्या सिमकार्डाचा रिचार्ज तो त्यानंतरही करत राहिला. पुढे वापर नाही म्हणून कंपनीने तो नंबर बंद केला.