मामी आटगावला का जायची

सुमनमामी गेल्याचा फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी माझ्या मनात एक भोचक प्रश्न आला… आता आटगावला कोण कळवणार? मोठ्यानं विचारायची सोय नव्हती. मुरबाडच्या त्या घरात आटगावचं नाव निघालं की मामा उठून अंगणात जायचे.

मामीचा एकुलता एक मिलिंद मोटारसायकलवरून घरी येताना जीपखाली गेला. जीप चालवणारा काशिनाथ आटगावजवळच्या पाड्यावरचा. वळणावर ओव्हरटेक करायला गेला, चूक सरळसरळ त्याची. आमच्या विहारात संध्याकाळच्या वंदनेच्या शेवटी सगळे मिळून सर्वांचं मंगल चिंततात. मिलिंदनंतर मामी तेवढ्यापुरती गप्प बसू लागली. मला चौकशा करायची खोड, विचारलंच. "सर्व म्हनलं का तो पन आला ना गो त्यात," ती म्हणाली. "जीभच रेटत नाय. एकदा बगून तरी येते त्याला… मानूस हाय का कोन हाय."

बघायला म्हणून गेली आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी जातच राहिली. ती परतली की मामा चार दिवस अबोला धरायचे. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तिला देवमाणूस ठरवलं, निम्म्यांनी वेड्यात काढलं. मला दोन्ही पटेना. तिथे जाऊन ती करते तरी काय, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटी तिच्या निधनाची आणि विहारात तिच्यासाठी होणाऱ्या पुण्यानुमोदन विधीची बातमी घेऊन मीच त्या पाड्यावर गेले. काशिनाथच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. जरा वेळानं मी म्हटलं, मामीनं त्याला माफ केलं हे केवढं मोठं…

"माफ? नाय गो," ती म्हणाली. "पयल्याच दिशी बोलली, माफी मागू नको, मी देनार नाय. पन ह्यो जेवत नाय, झोपत नाय, त्ये तिनं बगितलं. मंग यायची, ह्याला म्होरं बसवून जेवाय लावायची. कदी कदी घास घेता घेता दोगं पन रडायची."

मी थक्क झाले. मला वाटायचं, करुणा ही राग निवळलेल्या माणसांची गोष्ट. मामीचा राग शेवटपर्यंत तसाच होता आणि तरी ती गाड्या बदलत इथवर येत होती. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिची भयंकर आठवण आली.

काशिनाथ दारात उभा राहून ऐकत होता. "पुण्यानुमोदनाला मी आलो तं चालंल का?" त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, माहीत नाही.

तो आला. विहाराबाहेर, काढलेल्या चपलांपाशी उभा राहिला. मामांनी त्याला पाहिलं आणि ते उठले. मामा बाहेर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुमच्याकडं यायची ना ती…" त्यांनी विचारलं, "कदी हसायची का रे?"

मिलिंद गेल्यापासून मामी घरात हसली नव्हती.

"एकदा हसल्या, बाबा," काशिनाथ खाली मान घालून म्हणाला. "आय आजारी व्हती, मी भाकर थापत व्हतो. ती फाटली, तवा."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं."

मामा तिथेच चपलांमध्ये खाली बसले. हात धरून त्यालाही शेजारी बसवलं.

"नीट सांग," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग."