आजऱ्याच्या अव्वांचा अंबाडा

आजऱ्याची एस.टी. कोल्हापूरच्या स्टँडवरून हलली, तेव्हा माझ्या मांडीवर कात्र्या, कंगवे आणि बाटल्यांची पिशवी होती. दोन हजार सालानंतरची ती गोष्ट. पार्लरमधली नोकरी सोडून घरोघरी जाऊन बायकांचे केस करायचे, असं मी ठरवलं होतं. नुसत्या केसांसाठी घरी कोण बोलावणार, असं सगळे म्हणत. पहिलं बोलावणं आलं ते शेजारच्या शालूताईंचं, आजऱ्यातल्या त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी.

निपाणीनंतर उत्तूरच्या वळणांवर शाम्पूची बाटली लवंडली आणि सीटखालून ओघळ मागे गेला. कंडक्टर ओरडला, "काय पावणं, गाडीतच न्हायला बसलासा व्हय?" गाडी हसली. मीही हसले.

आजऱ्यात उतरताच भाजल्या काजूचा उग्र वास नाकात शिरला. अंगणात शालूताईंचे म्हातारे वडील काजूबिया वाळत घालत होते. शालूताईंचा भाऊ दारातच म्हणाला, "ताई, सरळ मशीन फिरवा आन् मोकळं व्हा. पार गुंता झालाय."

आत अव्वा (आई) भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कंबरेचं हाड मोडल्यापासून केसांना कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मालक जित्तं हायत माझं," त्या न वळताच म्हणाल्या. "बोडकी न्हाय व्हायाची मी. माघारी जा."

"कापायला नाही, सोडवायला आलेय," मी म्हणाले. सुटतील की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

कोमट खोबरेल लावून टोकाकडून एकेक बट सोडवू लागले. दुखलं की त्या माहेरच्या कन्नडमधून करवादायच्या, मग म्हणायच्या, "चालू दे." दुपारी सुनेनं घनसाळ या इथल्या सुवासिक तांदळाचा भात आणि आमटी आणली. माझे हात तेलात बुडालेले पाहून तिनंच मला भरवलं.

मानेजवळचा गोळा मात्र काही केल्या सुटेना. मी तसं सांगितलं. अव्वांनी हात मागं नेऊन तो चाचपला.

"तेवढा काप. वरचं राखशील न्हवं?"

"राखते, अव्वा."

शिकेकाईनं धुऊन, पुसून, उन्हं कलता कलता अंबाडा बांधला. सुपारीएवढाच, पण घट्ट. म्हातारे दारात येऊन बघत राहिले.

"मग, कवा उठतीस?" एवढंच ते म्हणाले. अव्वांनी तोंडावर पदर ओढून घेतला.

निघताना शेजारची बाई आडवी आली. "आमची सासूबी पडूनच हाय की. तिच्याकडं येशीला?"

येईन म्हटलं. परतीच्या गाडीत त्या न पाहिलेल्या सासूचाच विचार करत होते. पार्लरच्या खुर्चीपर्यंत चालत येणाऱ्या बायकाच आजवर मला माहीत होत्या. बाकीच्या कुठल्या तरी आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून असतील, हे मनातही आलं नव्हतं.

कोल्हापुरात उतरले तेव्हा दिवे लागले होते. न्यायला आलेल्या नवऱ्यानं विचारलं, "झालं का काम?"

"सुरू झालं," मी म्हणाले.